उदगीरच्या पूर्वेकडून गेलेली पृथ्वीच्या मापाची रेघ

उदगीर हें नांव कानांवर पडलें म्हणजे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें १७६० सालचा फेब्रुवारी महिना उभा राहतो. सदाशिवरावभाऊंची फौज, इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि निजामाची झालेली कोंडी हीं चित्रें शाळेच्या पुस्तकांपासून सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्या लढाईनंतर निजामानें सुमारें ६० लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्यांस तोडून दिला. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मुलूख किती दिला, या प्रश्नाचें उत्तर त्या काळीं रुपयांत मिळे. जमीन ओळखली जाई ती तिच्या वसुलावरून. वाट ओळखली जाई ती मुक्कामांवरून. औरंगाबादेहून उदगीर किती दूर, असें विचारलें तर जाणता कारकून इतके कोस किंवा इतक्या मजला असें सांगे, आणि कोस तर प्रत्येक परगण्यांत निराळा. कारभार त्यावर चालत होता व चांगला चालत होता. परंतु उदगीर पृथ्वीच्या पाठीवर नेमकें कोठें आहे, हा प्रश्न कोणास पडलेला नव्हता.

या लढाईस ५५ वर्षें झालीं, आणि त्याच बीदरच्या मुलुखांत एक निराळाच तळ पडला. त्याच्यापाशीं मुख्य सामग्री होती ती पोलादी साखळ्या, लांकडी पेट्या, उष्णतामापक नळ्या आणि अर्ध्या टनाच्या घरांत वजन असलेलें कोन मोजण्याचें एक यंत्र, ही. या तळाचे प्रमुख कर्नल विल्यम लॅम्बटन हे होते. १८१५ सालीं त्यांनीं बीदरजवळ जमिनीवर एक सरळ रेषा मोजली. बीदर हें उदगीरच्या आग्नेयेस सुमारें ७० किलोमीटरांवर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यांतच मोडत असे, आणि आज ज्या लातूर जिल्ह्यांत तें आहे तो तर १९८२ सालीं निर्माण झाला. तेव्हां ती रेषा उदगीरकरांच्या शेजारच्याच शिवारांत मोजली गेली असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या रेषेनें काय साधलें, तिच्या मागें कोणती विद्या होती आणि त्या विद्येची किंमत कोणी दिली, हें पाहण्यासारखें आहे.

लॅम्बटन हे यॉर्कशायरमधील एका सामान्य घराण्यांतून आलेले लष्करी अधिकारी. टिपूविरुद्धच्या १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईंत ते होते. ती संपतांच त्यांनीं मद्रास सरकारापुढें एक योजना मांडली. द्वीपकल्प एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांनीं मोजून काढावें, म्हणजे नव्यानें हातीं आलेल्या मुलुखाचे नकाशे खरे होतील, हा तिचा व्यवहारी भाग. सरकारास एवढाच भाग समजला आणि त्यासाठींच त्यानें पैसा दिला. लॅम्बटन यांच्या मनांत दुसराहि एक हेतु होता. पृथ्वी ध्रुवांपाशीं चपटी आहे हें त्या वेळीं ठाऊक होतें. ती किती चपटी आहे हें विषुववृत्ताच्या बाजूस लांब अंतर मोजल्यावांचून कळणार नव्हतें. एकाच कामांत राज्यकर्त्यांचा नकाशा आणि विद्वानांचें माप अशा दोन गोष्टी साधावयाच्या होत्या.

या कामाची रीत समजण्यास अवघड नाहीं. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक असले म्हणजे उरलेल्या दोन्ही बाजू गणितानें निघतात. त्या बाजूंपैकीं एक घेऊन तिच्यावर दुसरा त्रिकोण उभारावा, त्याच्या बाजूवर तिसरा, आणि असें करीत शेंकडों मैल जावें. जमिनीवर प्रत्यक्ष मोजावयाची ती फक्त पहिली बाजू. बाकी सर्व काम डोंगरमाथ्यांवरून दुर्बिणीनें कोन पाहण्याचें. या पहिल्या बाजूस आधाररेषा म्हणतात. तिच्यांत एक इंच चूक झाली तर ती पुढील प्रत्येक त्रिकोणांत शिरते आणि अंतराबरोबर वाढत जाते. म्हणून सात-आठ मैलांची ही रेषा मोजण्यास कित्येक आठवडे लागत.

लॅम्बटन यांनीं अशी पहिली रेषा १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत मद्रासजवळ मोजली. त्या वेळच्या साखळीचा इतिहास मौजेचा आहे. चीनच्या बादशहास नजर करण्यासाठीं मॅकार्टनी यांच्या वकिलातीबरोबर ज्या वस्तु पाठविल्या होत्या त्यांत ती होती; तेथें ती नाकारली गेली आणि फिरत फिरत हिंदुस्थानांत आली. ती १०० फूट लांब असून तिच्यांत अडीच अडीच फुटांच्या ४० कड्या होत्या. ती जमिनीवर टाकीत नसत. तिपाईंवर बसविलेल्या लांकडी पेट्यांत ती ताणून धरीत, पेट्या एका पातळींत आणीत, आणि प्रत्येक वेळीं उष्णतामान टिपून घेत. कारण उन्हानें पोलाद वाढतें आणि सांवलीनें आंखडतें. कोन मोजण्याचें मोठें यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, लंडनच्या केरी या कारागिरानें घडविलें होतें. तें घेऊन येणारें जहाज फ्रेंचांनीं पकडून मॉरिशसला नेलें. परंतु हें शास्त्राचें साधन आहे असें कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरानें तें शत्रूकडे परत पाठवून दिलें. पुढें १८०८ सालीं तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवीत असतां दोर तुटून त्याचें वर्तुळ वांकडें झालें; लॅम्बटन यांनीं तंबूंत स्वतःस कोंडून घेऊन सुमारें सहा आठवड्यांत तें दुरुस्त केलें.

बीदरच्या रेषेचें काम मद्रासच्या रेषेहून थोडें वेगळें होतें. दक्षिणेकडून त्रिकोणांच्या रांगेनें शेंकडों मैलांवरून जी लांबी आली ती खरी आहे काय, हें पाहण्यासाठीं वाटेंत पुनः एकदां जमीन मोजावयाची होती. गणितानें आलेली लांबी आणि साखळीनें आलेली लांबी जुळली तर मागचें सर्व काम विश्वसनीय. न जुळली तर चूक शोधावयाची. जो आंकडा आपण स्वतःच काढला त्याची स्वतःच उलटतपासणी करणें, हा या मोजणीचा प्राण होय. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांचीहि अशीच तपासणी होई. शाळेंत शिकवितात त्याप्रमाणें त्यांची बेरीज १८० अंश यावी. पण पृथ्वी गोल असल्यामुळें मोठ्या त्रिकोणांत ती किंचित् अधिक येते. दर ७५ चौरस मैलांमागें सुमारें एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, हें तें आधिक्य. इतकी सूक्ष्म गोष्ट हिशेबांत धरल्यावर जी बाकी उरे ती निरीक्षकाची चूक समजत.

बीदरजवळील दामरगिड्डा या टेकडीवरील स्थान १८ अंश ३ कला उत्तर अक्षांशावर आहे. तेथून निघालेली त्रिकोणांची मुख्य रांग उत्तरेकडे साधारणतः ७७ अंश ४० कला पूर्व रेखांशाच्या आसपास चढत गेली. ही रेघ आजच्या नकाशावर ठेवून पाहिली तर ती उदगीरच्या पूर्वेकडून, देगलूर, भोकर, उमरखेड, दारव्हा, अमरावती या गांवांच्या जवळून जाते. म्हणजे मराठवाडा आणि वऱ्हाड यांची सारी उंची या रेघेनें पायाखालीं घातली. पुढें तीच हिमालयाच्या पायथ्याशीं पोंचली आणि महान चाप या नांवानें जगांत प्रसिद्ध झाली.

नकाशावर ती एका बोटानें दाखवितां येते. जमिनीवर ती माणसांच्या खांद्यांवरून गेली. थिओडोलाइट वाहणारे हमाल, निशाणें घेऊन टेकड्यांवर आठवडेच्या आठवडे बसणारे खलाशी, रात्रीं दिवे पेटविणारे जोडीदार, झाडें तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे गांवकरी, यांच्यावांचून एकहि कोन मोजला गेला नसता. शिवाय एक अडचण निसर्गाची होती. उन्हाळ्यांत पठारावर धुरळा आणि झळा यांनीं दूरचें निशाण दिसत नाहीं. पावसानें हवा धुऊन निघाली म्हणजे तें स्वच्छ दिसतें. म्हणून लॅम्बटन यांची पद्धति पावसाळ्यांत निरीक्षण करण्याची होती. पावसाळा हाच रानांतील तापाचाहि मोसम. १८१८ च्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी हैद्राबादेस येऊन या कामांत दाखल झाले. पुढच्याच वर्षीं कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधील अरण्यांत त्यांचा सुमारें दीडशें माणसांचा ताफा तापानें आडवा झाला. कित्येक दगावले. स्वतः एव्हरेस्ट यांस प्रकृति सुधारण्यासाठीं केपला जावें लागलें. साहेबांस केप होतें. खलाशांस तें नव्हतें. दगावलेल्या माणसांचीं नांवें मोजणीच्या जाड ग्रंथांत सांपडत नाहींत.

लॅम्बटन यांचाहि शेवट याच मराठी मुलुखांत झाला. मुख्य ठाणें नागपूरकडे हलवीत असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें त्यांस मृत्यु आला, आणि तेथेंच त्यांची कबर आहे. एव्हरेस्ट यांनीं काम पुढें चालविलें व १८२५ पर्यंत तें मध्य हिंदुस्थानांतील सिरोंजपर्यंत नेलें. मग आजारानें खचून ते विलायतेस गेले. तेथें स्वस्थ न बसतां त्यांनीं दामरगिड्डा ते सिरोंजजवळचें कल्याणपूर या सहा अंशांच्या अंतराचा हिशेब लिहून १८३० सालीं प्रसिद्ध केला. या हिंदी चापाची फ्रान्समधील चापाशीं सांगड घालून पृथ्वीच्या आकाराचे जे आंकडे त्यांनीं काढले तेच हिंदुस्थानच्या नकाशांचा पाया झाले. उदगीरच्या शेतकऱ्याच्या बांधाचा असो कीं मुंबईच्या गोदीचा, पुढील पावणे दोनशें वर्षें सरकारी नकाशा या आंकड्यांवर उभा होता.

आपल्याच कामाविषयीं एव्हरेस्ट यांचें समाधान मात्र झालें नव्हतें. १८३० सालीं ते हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल होऊन परत आले ते जुनें काम पुनः तपासण्याच्या निश्चयानें. साखळी झिजते, तिच्या कड्यांचे सांधे वाढतात, आणि उष्णतामापक नळी हवेचें मान सांगते, पोलादाचें सांगतेच असें नाहीं. आयर्लंडच्या मोजणीसाठीं थॉमस कोल्बी यांनीं नव्या पट्ट्या बनविल्या होत्या. लोखंड आणि पितळ हे दोन धातु उष्णतेनें कमीअधिक वाढतात. त्यांच्या दहा फुटी पट्ट्या शेजारीं जोडून त्यांच्या टोकांस अशा जिभा बसविल्या कीं धातु वाढला तरी जिभांवरील दोन खुणांमधील अंतर बदलूं नये. या पट्ट्यांनीं सिरोंजची रेषा पुनः मोजण्यांत आली. सिरोंजहून उत्तरेस डेहराडूनपर्यंत त्रिकोणांनीं नेलेली लांबी आणि तेथें जमिनीवर मोजलेली लांबी यांत ७.२ इंचांचा फरक निघाला, आणि ती रेषा होती सुमारें साडेसात मैलांची. राहतां राहिलें दक्षिणेचें टोंक. १८४१ सालीं अँड्र्यू वॉ यांनीं बीदरची रेषा नव्या पट्ट्यांनीं पुनः मोजली. सिरोंजपासून चारशें मैलांहून अधिक अंतर त्रिकोणांवरून चालत आलेला हिशेब आणि बीदरच्या जमिनीवरील सुमारें आठ मैलांचें माप यांत कांहीं इंचांचेंच अंतर पडलें. मराठवाडा व वऱ्हाड यांच्या डोंगरांवरून नेलेली साखळी विश्वासास पात्र ठरली.

हे इंच शोधणारी माणसें डोंगरावर नव्हतीं. तीं दिव्यापुढें वह्या घेऊन बसलेलीं होतीं. या मोजणींत कॉम्प्यूटर हें एका नोकरीचें नांव होतें. कॉम्प्यूटर म्हणजे गणित करणारा माणूस. एकेका कोनाचीं अनेक निरीक्षणें घेऊन त्यांची सरासरी काढावयाची, लॉगरिथमच्या कोष्टकांवरून बाजू काढावयाच्या, हवेमुळें किरण वांकतो त्याची दुरुस्ती करावयाची, आणि हें सर्व दोघांनीं स्वतंत्रपणें करून उत्तरें ताडून पाहावयाचीं. आंकड्यांची छाननी हा आज एक स्वतंत्र धंदा झाला आहे. त्याचें बी या वह्यांत दिसतें. पुढें जेम्स वॉकर यांच्या कारकीर्दींत साऱ्या देशाच्या त्रिकोणांचे मोठे गट पाडून, उरलेल्या चुका कोणा एका त्रिकोणाच्या माथीं न मारतां अल्पतम वर्गांच्या नियमानें सर्वांत वांटून देण्याचें प्रचंड गणित झालें, तेंहि अशाच हातांनीं.

या गणकांत राधानाथ शिकदार यांचें नांव अग्रगण्य आहे. कलकत्त्याच्या हिंदु कॉलेजांत शिकलेला हा तरुण १८३१ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास, महिना ३० रुपयांवर नोकरीस लागला. एव्हरेस्ट हे कठोर व तापट अधिकारी. पण शिकदारांच्या गणितबुद्धीविषयीं त्यांनीं मोकळ्या मनानें प्रशंसा केली. १८४३ सालीं डेहराडूनच्या मॅजिस्ट्रेटानें मोजणीखात्याच्या हमालांस जबरदस्तीनें आपल्या कामास जुंपलें. शिकदारांनीं त्यास उघड विरोध केला. त्यांना २०० रुपये दंड झाला, पण त्या हमालांची कैफियत कागदोपत्रीं नोंदली गेली. पुढें १८४९ सालीं ते मुख्य गणक झाले. हिमालयांतील पंधराव्या क्रमांकाचें शिखर २९,००२ फूट उंच, म्हणजे सर्वांत उंच आहे, असें १८५६ सालीं जाहीर झालें त्या गणितांत त्यांच्या कचेरीचा वांटा मोठा होता. त्या शिखरास एव्हरेस्ट हें नांव दिलें गेलें. मोजणीच्या शास्त्रावरील १८५१ च्या सरकारी ग्रंथांत शिकदारांच्या साह्याचा उल्लेख होता. १८७० सालीं ते वारले, आणि १८७५ च्या आवृत्तींतून तो उल्लेख गाळला गेला. पुढच्याच वर्षीं इंग्रजी वृत्तपत्रांतूनच त्याचा निषेध झाला. चुकीची एकेक विकला शोधून काढणाऱ्या खात्यानें ही चूक मात्र हिशेबांत धरली नव्हती.

तरीहि या मोजणीचें सर्वांत मोठें फळ एका न सुटलेल्या चुकीनें दिलें. कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना या दोन स्थानांमधील अंतर त्रिकोणांवरून एक आलें आणि ताऱ्यांवरून दुसरें आलें. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे जमिनीवर सुमारें ५०० फुटांचा. ज्या मोजणींत सात-आठ मैलांमागें कांहीं इंच चुकत, तिला हा फरक पचण्यासारखा नव्हता. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनीं असा विचार केला कीं, हिमालयासारखा प्रचंड पर्वत ओळंब्यास आपल्याकडे खेंचीत असला पाहिजे. ओळंबा कलला कीं ताऱ्यांची उंची चुकते. त्यांनीं हिमालयाच्या वजनाचा हिशेब केला तों फरक ५ विकलांऐवजीं जवळजवळ १६ विकला यावयास हवा, असें निघालें. म्हणजे पर्वत दिसतो तेवढ्या जोरानें खेंचीत नाहीं. १८५५ सालीं जॉर्ज एअरी यांनीं याचा उलगडा सुचविला: पाण्यांत तरंगणाऱ्या लांकडाप्रमाणें पर्वताचें हलकें मूळ खालच्या जड थरांत खोल बुडालेलें असतें. प्रॅट यांनींहि पुढें स्वतःचा निराळा उलगडा मांडला. भूकवच समतोल राखून तरंगतें, ही भूशास्त्रांतील मूलभूत कल्पना अशा रीतीनें हिंदुस्थानच्या मोजणीच्या वहींतून जन्मास आली. ५ विकलांची बाकी कोणी लाजेनें लपविली असती, किंवा आंकडे जुळविण्यासाठीं कोन थोडे वांकविले असते, तर हें ज्ञान लांबणीवर पडलें असतें.

हें सर्व काम लोकांच्या हितासाठीं झालें असें म्हणणें भोळेपणाचें होईल. नकाशा हें राज्यकर्त्यांचें हत्यार होतें. फौजा हलविणें, सारा बसविणें आणि सरहद्दी आंखणें यांसाठीं तो काढला गेला. पण एकदां खरें माप निघालें म्हणजे तें काढविणाऱ्याच्या मालकीचें राहत नाहीं. कालव्यांचीं आणि रेल्वेचीं आंखणी त्याच बिंदूंवरून झाली. निजामाचें राज्य गेलें, इंग्रजांचें गेलें. आधाररेषेचें माप राहिलें. आंकडेहि सुधारले गेले. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्ट यांच्या हिशेबांत आजच्या मापापेक्षां आठशेंहून अधिक मीटरांनीं कमी आली होती. ती हिंदुस्थानापुरती सोयीची होती, साऱ्या पृथ्वीस लागू पडणारी नव्हती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें सर्वसामान्यांसाठींच्या नकाशांस उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेली जागतिक पद्धति लागू केली. आज उदगीरच्या बाजारांतील कोणीहि हातांतील फोनवर आपलें स्थान कांहीं मीटरांच्या आंत पाहूं शकतो. त्या फोनच्या पोटांतहि शेवटीं अंतरें आणि गणितच आहे. डोंगरांच्या जागीं उपग्रह आले एवढेंच.

जुन्या वह्या निरुपयोगी झाल्या काय, याचें उत्तर लातूर जिल्ह्याच्या एका दुःखद रात्रीनें दिलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासचीं गांवें भूकंपानें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. त्या वेळच्या भूकंप-नकाशावर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला होता. दख्खनचें पठार खरोखर स्थिर आहे कीं आंतून हळूहळू दबत आहे, हा प्रश्न तेव्हां जीवनमरणाचा झाला. त्याचें उत्तर एका वर्षाच्या मोजणीनें मिळणारें नव्हतें; त्यास शंभर वर्षांपूर्वींचें माप हवें होतें. तें तयार होतें. दक्षिण हिंदुस्थानांतील एकोणिसाव्या शतकांतील त्रिकोणबिंदु शोधून शास्त्रज्ञांनीं तेथें उपग्रहांच्या साह्यानें पुनः मोजणी केली आणि १८६४ ते १९९४ या १३० वर्षांतील फरक ताडून पाहिला. तेथील भूमि त्या काळांत फारशी ताणली वा दबली गेलेली नाहीं, असा निष्कर्ष निघाला. या निष्कर्षानें किल्लारीचे मृत परत आले नाहींत. पण असा भूकंप केव्हां आणि कोठें होईल हें ठाम सांगणें किती कठीण आहे, आणि म्हणून मजबूत घर बांधणें हाच खरा उपाय कसा आहे, हें त्यावरून अधिक स्पष्ट झालें.

ज्या खलाशानें पावसांत भिजत निशाण धरलें, त्यास किल्लारीचा प्रश्न माहीत असणें शक्य नव्हतें. ज्या गणकानें रात्रीं एक बेरीज दोनदां केली, त्यासहि नव्हतें. त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, जें दिसलें तें लिहिलें, जें जुळलें नाहीं तेंहि लिहिलें, आणि वही पुढच्याच्या हातीं स्वच्छ दिली. उदगीरचा किल्ला पाहावयास जाणाऱ्यानें १७६० च्या विजयाचें स्मरण अवश्य करावें. परंतु बुरुजावरून पूर्वेकडे दृष्टि टाकतांना त्या बाजूच्या टेकड्यांवरून गेलेल्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या या रेघेचेंहि स्मरण करावें.